देखील

‘टिटवी’चा पहिला भाग मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगतो.
तो कृत्तिकाने पाहिला, तिच्या बाबांबरोबर,
पाच वर्षांपूर्वी, पाच वर्षांची असताना.
मी त्या घरात आलो तो नंतर.
ती मला काका म्हणते. बरोबरच आहे ते.

चेंबूर, रविवार, सकाळचा खेळ, पुढून चौथी रांग.
जाहिराती चालू होत्या तोवर तिने मागची गोष्ट उरकली:
शिवडीच्या चिखलाकाठची मुलगी, उडायला शिकते,
तीनदा पडते, तिसऱ्यांदा पुढचा दात जातो.
“दात महत्त्वाचा आहे, लक्षात ठेवा.”
ठेवला.

दुसऱ्या भागात दात आलेला आहे.

चांगलं आधी.
संध्याकाळी ती पाण्याच्या टाकीवर जाऊन बसते,
खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते,
आणि संगीतकाराला कुणीतरी बारा सेकंद गप्प बसवलंय.
त्या कुणीतरीचे पाय धरावेत.
ओल्या सिमेंटवरचा उजेड असा रंगवलाय
की जो मी रोज बघतो तो पहिल्यांदा पाहिला.
पोशाखाला कोपरावर ठिगळ, दोरा जरा वेगळा निळा.
आई ते लावताना ओठांत टाचण्या धरून बोलते,
म्हणून ‘जपून जा’चं ‘जऊन जा’ होतं.
हे ज्याला सुचलं त्याच्या घरी शिलाई मशीन असणार.

आता बाकीचं.
खलनायकाला रागवायला तीन कारणं दिलीत,
एक पुरलं असतं, नीट दिलं असतं तर.
नवे मित्रही तीन,
त्यातला एक निव्वळ खेळण्यांच्या दुकानासाठी जन्मला.
कासवाचा विनोद चारदा. चौथ्यांदा पोरंही हसली नाहीत,
मागचे एक आजोबा हसले, ते बहुधा तेव्हाच जागे झाले होते.

आणि शेवटची पंचवीस मिनिटं नुसती फोडाफोड.
मी महापालिकेत दुय्यम अभियंता, एम पश्चिम विभाग.
मला उडणारी मुलगी दिसेना, राडारोडा दिसू लागला.
तो पूल: साधारण नऊशे टन.
तो टॉवर, सत्तावीस मजली: धरा चाळीस हजार.
डंपर किती? टाकायचं कुठे? सही कोणाची?
टिटवी जिंकून उडून गेली
आणि रस्त्यावर एक माणूस घमेलं घेऊन आला नाही.
पुढच्या दृश्यात शहर उभं, काचासुद्धा पुसलेल्या.

शाळेत आम्हाला म्हण होती: टिटवी देखील समुद्र आटविते.
सगळी गंमत त्या ‘देखील’मध्ये आहे.
या टिटवीकडे ‘देखील’ उरलेलं नाही.
ती आटवणार, हे समुद्रालाही आधीच ठाऊक.

बाहेर आल्यावर विचारलं, कसा वाटला?
कृत्तिका पिशवीच्या तळाचं मीठ बोटाने चाटत होती.
“पडलीच नाही,” म्हणाली. “एकदापण.”
सिग्नल सुटेपर्यंत काहीच नाही. मग,
“पण ती टाकी भारी होती.”
मी म्हटलं, हो ना, ती टाकी.
तिने माझ्याकडे जरा नीट पाहिलं,
दुसऱ्या भागात आणून बसवलेल्या पात्रांपैकी
एकाला तरी कळतंय काही, अशा बेताने.

मोनोरेलच्या खांबांपुढे, पुनर्विकासाच्या पत्र्यांबाहेर
विटा, टाइल्स, कुणाच्या तरी मोरीचा कठडा,
अर्ध्या रस्त्यावर ढीग. विनापरवाना. माझ्याच वॉर्डात.
ती चढली.
उतर म्हणायच्या आधी माझा हात सवयीने मोबाइलकडे गेला,
पुराव्याला फोटो लागतो.
फोटोत ढीग निम्माच आलाय.
बाकी ती, हात पसरलेले, एक चप्पल सुटलेली,
दोन्ही पाय कशालाही टेकलेले नाहीत.

सोमवारी नोटिशीला जोडायला
दुसरा काढावा लागेल.